ताईचं आजारपण

तिसरं भिंग तडकलं, तेव्हा मालकांनी मागून हात घालून मशीन बंद केलं.

"घरी जा," ते म्हणाले. "सकाळपासून तिघांवर खेकसलास. त्या मास्तरीणबाई चष्मा न घेताच गेल्या."

"फ्रेम वाकडी केली त्यांनी, आणि दोष माझ्या माथी."

"दोष कोण देतंय? बहीण वर्षभर अंथरुणाला खिळलेली, माणूस चिडणारच. जा, तिच्याजवळ बस."

धाकट्याने एप्रन खुंटीला अडकवला. वय पंचेचाळीस, पण थोरल्या बहिणीमुळे गल्लीत आणि दुकानातही सगळे त्याला धाकटाच म्हणत. वीस वर्षं तो चष्म्याची भिंगं घासत होता. केसाएवढी चूक व्हायची नाही. हल्लीच हातातून वस्तू निसटायला लागल्या होत्या, आणि दिवसभर कानशिलं तापलेली असायची.

ताईचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. मेहुणे गेले, ती एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन भावाकडे राहायला आली, आणि महिन्याभरात तिने मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. बोलता बोलता डोळ्यांना धार लागायची. शेजारच्या काकू डबा आणायच्या, गल्लीतल्या बायका तिचा हात हातात घेऊन बसायच्या. जाताना म्हणायच्या, "भाऊ असावा तर असा. डोळ्यांतून टिपूस नाही, किती खंबीर!"

खंबीर माणसाने सगळं रीतसर केलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कुलुपात ठेवायला सांगितल्या, आणि संध्याकाळी पाचची गोळी भावानेच आपल्या हाताने द्यायची, असं बजावलं. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असायची. दर गुरुवारी तो ताईला दवाखान्यात न्यायचा. बाई तिला दोन शब्द विचारायच्या आणि त्याच्याकडे वळायच्या. हिच्या काळजीने तुमची झोप उडते का? जेवण जातं का? पट्ट्याला नवं भोक पाडलंत वाटतं?

"माझं सोडा. मला काय धाड भरलीय? तिचं बघा."

"तिचंच बघतेय," बाई म्हणायच्या आणि लिहीत राहायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी रडू येतं का? तो हसला होता. रडायला ताईकडे कारण होतं. त्याच्याकडे काय होतं? धडधाकट शरीर, हातात कसब, डोक्यावर छप्पर. एक बूट घातला की दुसरा घालायचा दम उरत नाही, हे सांगायचं कुणाला? लोक म्हणाले असते, सुख दुखतंय याचं.

दुकानातून निघाला तेव्हा दोन वाजले होते. घराकडचं वळण त्याने सोडून दिलं. आता घरी परत जायचंच नाही, कधीच. हे बरेच दिवस मनात ठरत आलं होतं, आज फक्त वेळ हाताशी आला. आणि नवल म्हणजे, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणाचा राग येईना. एका सायकलवाल्याने धक्का दिला, तर यानेच "असू दे" म्हटलं.

वस्ती संपते तिथल्या बसथांब्यावर त्याने घाम पुसायला खिशात हात घातला. रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली.

पाच वाजता ताई वाट बघणार. कपाटाला कुलूप, आणि किल्ली इथे.

तो बाकावर बसून राहिला. एक बस आली, गेली. दुसरीही गेली. मग तो उठला. किल्ली काकूंकडे द्यायची आणि आल्या पावली परत फिरायचं. ताईचं तोंड बघायचं नाही. बघितलं की पाय निघणार नाही.

काकूंच्या दाराला बाहेरून कडी होती. म्हणून तो मागच्या बोळात शिरला, किल्ली आपल्याच घराच्या मागच्या खिडकीत ठेवून जायला. आतून आवाज येत होता. शिलाई मशीन चालत होतं, भरधाव.

खिडकीच्या फटीतून त्याला ताई दिसली. केस वर बांधलेले, ओठांत टाचण्या, भोवती अर्ध्या गल्लीचे कपडे. समोर काकू दोन्ही हात वर करून उभ्या होत्या.

"माप वाढलंय, काकू."

"टेपच आखडलीय तुझी," काकू म्हणाल्या, आणि ताई खळखळून हसली.

किल्ली ठेवायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

"चार वाजून गेले, आवर आता," काकू म्हणाल्या. "सहा महिने झाले तुला ठणठणीत होऊन. या पडून राहण्याचा कंटाळा नाही येत गं?"

"येतो ना. पाठीला रग लागते."

"मग सांगून टाक की त्याला. बिचारा आजारी बहिणीपायी झिजतोय."

मशीन थांबलं. ताईने दोरा तोडला, कपडे पलंगाखाली सारले, मशीनवर चादर ओढली. बांधलेले केस सोडून दोन्ही हातांनी विस्कटले.

"स्वतःसाठी तो दवाखान्याची पायरी चढायचा नाही, काकू. माझ्यासाठी दर गुरुवारी येतो. पाचच्या ठोक्याला घरी येतो. बाई म्हणाल्या, तो स्वतःहून बोलेपर्यंत तेवढं सोडू नका." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "आजारी तो आहे. अंथरूण तेवढं मी धरलंय."