आजीची पळी

“चित्र चोरून विकतेस?” इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या चित्रबाजारात एक बाई स्वतःची चित्रं विकणाऱ्या लारासवर कडाडली. “मूळ चित्र हे बघ, माझ्या पिशवीवर! ऑनलाइन घेतलीय.” पिशवीवर लारासने चितारलेली तिचीच आजी होती, पळीने सेराबीचं, म्हणजे तिथल्या तांदळाच्या घावनाचं, पीठ ओतणारी; लारासची सही तेवढी गायब. आयोजक म्हणाला, “पोरी, तुझंच असेल तर सिद्ध कर, नाहीतर टेबल आवर.” लारासने आपलं चित्र पिशवीशेजारी धरलं. शेजारीच सेराबी भाजणारी आजी पळीसकट उठली. पिशवीवरच्या म्हातारीची पळी उजव्या हातात होती. लारासच्या चित्रात आणि प्रत्यक्षातही डाव्या हातात. चोराने चित्र आरशातल्यासारखं उलटवलं होतं. आजी खुदकन हसली. “अहो बाई, डाव्या हाताने कुणाला काही देऊ नये म्हणून आईने बदडबदड बदडलं, तरी मी उजवी झाले नाही. चोरट्याने बरी मला उजवी केली!” तिने डाव्याच हाताने गरम सेराबी पुढे केली. बाईने ती दोन्ही हातांनी घेतली.