शेवटचा हात

परात मधोमध ठेवली होती आणि कुणीच खात नव्हतं.

आमखास मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, फुटबॉल क्लबच्या मुली गोल करून बसल्या होत्या. सहा-शून्य असा मार खाऊन आलेल्या. भूक अशी लागलेली की परातही चावून खाल्ली असती. पण क्लबचा नियम म्हणजे नियम. सामना जिंका नाहीतर हरा, सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. चवळीची उसळ, त्यात कुस्करलेली भाकरी, वरून तिळाचं तेल. तेल तिळाचंच का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तसंच चालत आलं होतं. आणि शेवटचा हात परातीला लागेपर्यंत पहिला घास कुणी तोंडात घालायचा नाही.

आज शेवटचा हात अभयचा राहिला होता. क्लबचा हा सेक्रेटरी हाताची घडी घालून उभा होता, कारण परातीपाशी, कोच लक्ष्मण सरांच्या शेजारी, हान बसला होता.

हान शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कोरियाचा. तिकडं तरुणपणी बरंच खेळलेला. तीन महिने दर रविवारी मैदानाच्या कडेला उभा राहून मोडक्यातोडक्या हिंदीत मुलींना पाय कसा ठेवायचा ते सांगत होता. आज सामना संपल्यावर सरांनी जाहीर करून टाकलं, की पुढच्या हंगामापासून कोच हान. आपले गुडघे आता आपलंच ऐकत नाहीत, तर मुली काय ऐकणार!

“तो बसणार असंल तर मी क्लब सोडतो, सर,” अभय म्हणाला.

मुलींनी माना खाली घातल्या. अभय गेला तर क्लबचं कसं व्हायचं, हे त्यांनाही कळत होतं. सरांना तर जास्तच. सातवीतला अभय अनवाणी यायचा, तेव्हा त्याच्या पायात पहिले बूट सरांनीच घातले होते.

“देशाच्या टीमला बाहेरचा कोच आणला की टीव्हीसमोर शिव्या कोण घालतं? तुम्हीच ना? आपल्या पोरांची भूक आपल्यालाच कळती म्हणता.”

“म्हणतो खरा,” सर म्हणाले.

“मग? चाळीस वर्षं आपल्या मातीतला कोच होता ना या क्लबला? उद्या ह्यो म्हणंल, परात बंद, ज्याचा त्याचा डबा. ह्याला काय कळणार ही परात? आपले आजे-पणजे खळ्यावर बसून असंच खायचे. लई जुनी चाल हाय ही. पुस्तिकेत लिहिलंय तसं मी.”

लिहिलं होतं खरं. क्लबच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत, पान चारवर. छापायला देण्याआधी सरांनीच ते वाचलं होतं. चार शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि ही मोठी चूक तशीच ठेवली. तेव्हापासून ते पान त्यांना टोचत होतं.

हानला भाषा कळली नाही, पण भांडण आपल्यावरून आहे एवढं कळलं. तो उठू लागला. सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

“ही परात इद्रिसनं आणली,” ते म्हणाले. “सुदानचा. इथं विद्यापीठात शिकायला होता, आम्हा मुलांना फुटबॉल शिकवायचा. पंचाहत्तर साल.”

बोलता बोलता त्यांना ते मैदान दिसायला लागलं. गवताचं नाव नाही. गोलपोस्ट म्हणजे दोन दप्तरं. शिवून शिवून वाकडा झालेला चामड्याचा चेंडू. आणि लहानशा सायकलवर गुडघे बाहेर काढून येणारा तो सहा फुटी इद्रिस. तीन वर्षांनी तो गेला. मग त्याचं एक पत्र आलं. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते कायमचंच.

“पहिला सामना आम्ही नऊ-शून्य हरलो. तोंड लपवून घरी निघालो, तर हा बाजारातून ही परात घेऊन आला. त्याच्या घरी असंच खायचे, म्हणे. कडधान्य शिजवलेलं, त्यात नान कुस्करलेला, वर तिळाचं तेल. नानच्या जागी भाकरी आपण नंतर आणली.”

अभयची घडी जरा सैल झाली.

“सगळे बसले. एक मुलगा बसेना. दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही, असं घरी शिकवलेलं त्याला. वरून म्हणतो, हा परका आम्हाला काय शिकवणार? मुलं म्हणाली, जाऊ दे त्याला, आपण खाऊ. इद्रिस म्हणाला, हम रुकेगा. रागावला नाही. नुसता बसून राहिला. तास गेला. उसळीचा दगड झाला. तेव्हा कुठं त्या मुलानं हात पुढं केला. शेवटच्या हाताचा नियम त्या दिवसाचा आहे.”

“आणि तुम्ही हे कधीच सांगितलं नाय?”

“लाज वाटत होती.”

“तुम्हाला कशाची लाज, सर?” अभय म्हणाला. “कोण होता तो येडा?”

लक्ष्मण सरांनी सरकून आपल्या बाजूला जागा केली.

“तोच तुझा आपल्या मातीतला कोच,” ते म्हणाले. “बस आता. आम्ही थांबलोय.”