माफ केलेलं रक्त

“अहो, गेलोश येतोय.” ल्युलाने मक्याची टोपली दारातच टाकली. “एकटाच आहे. हातात काही दिसत नाही.”

फ्रोकने शिवायला घेतलेला बूट खाली ठेवला. नऊ वर्षं त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. त्याच्या धाकट्या भावाने कुरणाच्या हद्दीवरून गेलोशच्या भावाला, झेफला, गोळी घातली आणि तो समुद्रापार पळून गेला. मग रीतीप्रमाणे ते रक्त फ्रोकच्या डोक्यावर आलं. घरात शिरून कुणी मारत नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की संपलं. शेत ल्युला करायची, श्कोदर शहरातला बाजार ल्युला करायची. सासऱ्याला मातीही तिनेच दिली. बापाची अंत्ययात्रा फ्रोकने खिडकीच्या फटीतून पाहिली.

“घरधनी,” कुंपणापासून हाक आली, “पाहुणा घेतोस का?”

या डोंगरात या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही. फ्रोकने अडसर काढला.

गेलोश चुलीजवळ बसला. ल्युलाने भाकर, चीज आणि दारूची बाटली आणून ठेवली. दोन पेले भरले.

“परवा काकांकडे लग्न होतं,” गेलोश म्हणाला. “सगळ्यांना कॉफी हातात दिली. मला गुडघ्याखालून दिली.”

फ्रोकने मान खाली घातली. भावाचा सूड न घेतलेल्या माणसाला अशी कॉफी देतात.

“प्यायलास?”

“प्यायलो. सगळ्यांसमोर. नऊ वर्षं पितोय. लोकांना वाटतं, कोंडलेला तू एकटाच आहेस.”

नऊ वर्षांत फ्रोकने गेलोशचा विचार रोज केला होता, पण तो एका बंदुकीसारखा. त्या बंदुकीलाही कुणी गुडघ्याखालून कॉफी देत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

“काल बंदूक घेऊन समोरच्या खडकामागे बसलो,” गेलोश पुढे म्हणाला. “दुपारी तू खिडकी उघडलीस. मांजर सोडायला. खांद्यापर्यंत हात बाहेर. एवढा पांढराफटक हात मी एकदाच पाहिलाय. झेफला शवपेटीत ठेवला तेव्हा.” त्याने पेला उचलला आणि एका घोटात संपवला. “रक्त माफ केलं, फ्रोक. आईला विचारलं. ती म्हणाली, एक मुलगा पुरलाय, उरलेला खुनी नको.”

ल्युला भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली.

“आणि तुझे काका?” फ्रोकने विचारलं.

“प्रेंग काका म्हणाले, भावाचं रक्त सोडणारा आमच्यातला नाही. त्याला आम्हीच पुरू. खालच्या वळणावर बसलेत. येताना दिसले.”

“मग इथून जाणार कसा?”

“चालत.”

फ्रोक उठला आणि खुंटीवरची टोपी काढली. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवणं घरधन्याचं काम. ल्युलाने त्याची बाही धरली. “आजच सुटलात,” ती म्हणाली. “निदान आजचा दिवस घरात बसा. नऊ वर्षं बसलात ना?”

“पाहुणा आहे गं तो,” फ्रोक म्हणाला आणि तिची बोटं हळूच सोडवली.

उंबऱ्याबाहेर उन्हाने त्याचे डोळे भरून आले. सपाट जमिनीवर चालायची सवय झालेल्या पायांना उतार कळेना. तो दोनदा अडखळला. दोन्ही वेळा मागून गेलोशने त्याचा दंड धरला. पण फ्रोकने पुढची जागा सोडली नाही.

वळणावर प्रेंग उभा राहिला. हातात लांब नळीची बंदूक.

“बाजूला हो, फ्रोक. तुझं रक्त माफ झालंय. तुझ्याशी आता आमचं काही नाही. जा, ऊन खा.”

डावीकडे उतरणारी वाट मोकळी होती. खाली त्याचं शेत दिसत होतं. मका कापणीला आला होता. दोन पावलं टाकली की पुढचं सगळं आयुष्य त्याचं होतं.

“पाय हलत नाहीत, प्रेंग काका,” फ्रोक म्हणाला. ते खरंच होतं. “आणि हलले असते तरी मी हललो नसतो.”

नळी त्याच्या छातीवर आली.

त्या दिवशी गोळी सुटली नाही. प्रेंगने बंदूक खांद्याला अडकवली आणि मागे न पाहता तो उतार उतरून गेला. फ्रोकची छाती पाहून म्हातारा कचरला, असं गाव अजून सांगतं. म्हातारा कचरला हे खरं. पण फ्रोकमुळे नाही. फ्रोकच्या पाठीमागून गेलोश अगदी हळू, बाटलीतली उरलेली दारू मागावी तितक्या साध्या आवाजात बोलला होता.

“झेफचं रक्त मी माफ केलं, काका. याचं करणार नाही.”