पुस्तकातले चाचे

“चाचे लुटतात! घरं जाळतात, माणसांना पाण्यात ढकलतात. आमची आई रोज वाचून दाखवते!”

अनू खिडकीच्या गजांना लोंबकळत सांगत होती. खाली ओट्यावर यासीनचाचा विडी पेटवत होते. काडी त्यांच्या बोटांत तशीच विझली. तिची आई सुचेता मोरीतून हात पुसत धावली, तोवर ते लूमच्या कारखान्यात शिरले होते.

घोळ साधा होता. उत्तरेकडून लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला आलेल्या कुणाही म्हाताऱ्याला भिवंडीतली पोरं चाचा म्हणत. आणि समुद्रावरचे लुटारू, तेही मराठीत चाचेच. पण दंगल होऊन थोडीच वर्षं झाली होती. या गल्लीत असला घोळ हसण्यावारी जाणारा नव्हता.

चाच्यांच्या गोष्टीचं पुस्तक मामंजींनी, दत्तोपंत मास्तरांनी, वाचनालयातून आणलं होतं; नातीला गोवर आला म्हणून. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या सुचेतानं नाक मुरडलं होतं. दोन पानं वाचून पोरीला झोपवायचं, एवढाच तिचा बेत. पोरगी झोपली. सुचेता मात्र बंड झालेल्या जहाजावर अडकून पडली आणि चुलीवर भात करपला.

आता चाचा समोरून आले की मान खाली घालून पलीकडच्या कडेनं जात. अनूला हाक नाही, काही नाही. नळावर शेजारची जानकीबाई म्हणाली, “म्हातारा खोली सोडून चाललाय. काय बोललीस गं त्याला? आमी काय म्हनत न्हाय, पन मानूस वाईट न्हाय हो.”

खरं तर सुचेताला हायसं वाटायला हवं होतं. अनू त्यांच्याशी बोलायला लागली की तिचा जीव खालीवर व्हायचा. पण ते जाणार, आणि जाताना अनूनं तिच्या नावावर घातलेलं ते वाक्य बरोबर नेणार, हे तिला सोसेना. ती पुस्तक घेऊन खाली गेली.

“चाचा, वो आप नहीं. वो समुद्रवाले. डाकू. हमारी भाषा में उनको...”

“हम कहाँ मराठी पढ़े हैं, बहूजी,” ते म्हणाले. पुस्तकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. “समझ गए.”

ते काहीच समजले नव्हते. किंवा फार समजले होते.

त्याच गोष्टीवरचा इंग्रजी सिनेमा टॉकीजला रविवारी सकाळच्या खेळाला लागला, तेव्हा दत्तोपंतच म्हणाले, “तोंडानं सांगून पटायचं नाही, सूनबाई. दाखवूनच देऊ. त्यांना बोलवायला मी जातो.”

यासीनचाचा आले. मास्तरांचा शब्द मोडवेना म्हणून आले. सुचेताच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसले आणि मधल्या खुर्चीवर गमछा ठेवला. सुचेतानं अनूला मांडीवर घेऊन दोन्ही हातांची मिठी घातली. मामंजींचा दिवे मालवताच डोळा लागला.

पडद्यावर दोराला लटकून दाढीवाले एका जहाजावरून दुसऱ्यावर उड्या टाकू लागले.

“हे बघा! हे चाचे!” सुचेता कुजबुजली.

म्हातारा पुढे वाकला. बराच वेळ बघत राहिला.

“ये?” तो म्हणाला. “इनके तो बदन पर एक धागा साबुत नहीं! इनसे अच्छा कपड़ा तो हमारे लूम का चिंदी है.”

सुचेता फिसकन हसली. मागून कुणीतरी शूऽऽ केलं.

मग तिला कशाचं भान राहिलं नाही. पुढं काय होणार ते पान न् पान तिला पाठ होतं, तरी ती खुर्चीत पुढं पुढं सरकत होती. बंडखोर दारूच्या पिंपांमागून सरकत होते. कप्तानाची पाठ त्यांच्याकडे होती. “मागे बघ, मेल्या!” ती पुटपुटली. आणि नेमकी तेव्हाच अनू तिच्या मांडीवर उभी राहिली.

“अनू, बस खाली!”

अनू कसली बसते! सुचेतानं नजर पडद्यावरून न हलवता पोरीला बगलेत धरून उचललं आणि रिकाम्या खुर्चीवरून पलीकडे दिलं.

“चाचा, धरा हो हिला. मला काही दिसेना.”