पट्टी सुटल्यावर

“आजी, डोळा उघडा.”

डॉक्टरांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं. धुरपदानं पापणी आणखीच आवळली.

शिरूरच्या शाळेतले बाक व्हरांड्यात रचून वर्गात खाटा मांडल्या होत्या. डोळ्यांच्या शिबिराचा आज आठवा दिवस, पट्ट्या सोडायचा. धुरपदाची पट्टी सुटून तिच्या मांडीवर पडली होती. तिचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. डाव्यातला मोतीबिंदू डॉक्टरांनी काढला होता. आता जे काय होतं, ते त्या एका डोळ्यात होतं.

“दाबू नका असा!” डॉक्टरांचा आवाज चढला. “जखम अजून ओली आहे. उघडली तर डोळा गेलाच म्हणून समजा. मग मला काही करता येणार नाही.”

सून म्हाळसा खाटेच्या कडेला उभी होती. वस्तीवरून दौंडपर्यंत बैलगाडी, तिथून शिरूरला एसटी, अशी तिनंच सासूला हाताला धरून आणली होती.

“आत्या, उघडा की वो. दुखतंय का?”

“न्हाई दुखत.”

“मग?”

धुरपदाच्या मिटल्या पापणीतून लालसर उजेड आत येत होता. चार वर्षांत असा उजेड तिनं पाहिला नव्हता. तिनं खाटेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

डॉक्टरांनी कंपाउंडरला खूण केली. “डोकं धर यांचं. मी पापणी उचलतो.”

“हात लावू नगा!”

ती इतक्या जोरात ओरडली की सगळा वर्ग गप्प झाला.

“ह्या डोळ्याला शेवटचं धड दिसला त्यो माझा ल्योक हरिबा,” ती म्हणाली. “दारात उभा व्हता. खांद्यावर घोंगडी, मेंढरं सोडाया निघालेला. त्याच्या म्होरल्या साली त्यो दौंडला तापानं गेला म्हनून लोकांनी सांगितलं. म्या न्हाई बघितलं. माझ्यापाशी त्यो अजून दारात हाय. डोळा उघडला की दार मोकळं दिसंल.”

म्हाळसानं पदर कपाळावर ओढून घेतला. नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती सासूपुढं मोकळ्या कपाळानं वावरत होती. झाकायची कधी गरजच पडली नव्हती.

शेजारच्या खाटेवर सुलतानबी बसली होती. आठ दिवस दोघी पट्ट्या बांधून एकमेकींशी बोलत होत्या. सकाळी पहिली पट्टी तिची सुटली. तिनं डोळे सताड उघडले होते, पण खिडकी कुठल्या बाजूला आहे हेही तिला सांगता आलं नव्हतं. आतली नस सुकलीय, असं डॉक्टरांनी तिच्या लेकाला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं ते ऐकलं. तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

आता ती उठली. चाचपडत पुढं आली. तिचा हात धुरपदाच्या गुडघ्याला लागला.

“धुरपदा, पापणीच्या आत तुला उजेड लागतोय का गं?”

“लागतोय.”

“मला न्हाई लागत.” सुलतानबीनं श्वास घेतला. “आठ दिस अल्लापुढं पदर पसरला मी. तू मागितलंबी न्हाई, आन् तुला दिलं त्यानं. मला राग आलाय तुझा.”

धुरपदाचे ओठ हलले. “देता आलं असतं तर तुला दिलं असतं, बाई.”

“देता येत न्हाई. मागं लोटता तेवढं येतं.”

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला नीट दिसायला लागतं ते जाड भिंग हातात धरून डॉक्टर थांबले होते. पलीकडच्या खाटेवरचं कुणीतरी खोकलं. कुणी त्याला गप्प केलं.

“तुझी सून,” सुलतानबी पुन्हा म्हणाली, “आठ दिस मलाबी भाकर चुरून देतीया. पाणी देतीया. हाताला धरून भाईर नेतीया. ती दिसाया कशी हाय, ते मला आता कवाच कळायचं न्हाई. तू बघ, आन् मला सांग.”

धुरपदाची बोटं दांड्यावरून सैल झाली. पापणी थरथरली, पुन्हा मिटली, मग हळूहळू वर गेली. आधी नुसतं पांढरं दिसलं. डॉक्टरांनी भिंग समोर धरलं, तसं त्या पांढऱ्यातून काळा फळा बाहेर आला, फळ्यावरची अर्धवट पुसलेली बाराखडी आली, खिडकीचे गज आले. आणि खाटेशी नाकापर्यंत पदर ओढलेली एक बाई.

“पदर मागं घे,” धुरपदा म्हणाली.

“आत्या, नगा.”

“घे म्हनते ना.”

म्हाळसानं पदर मागं सारला.

कपाळ मोकळं होतं. जिथं रुपयाएवढं लाल कुंकू असायचं, तिथं गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा उरला होता. गालांची हाडं वर आली होती. ओठ फुटले होते. कानशिलावर पांढरे केस होते. या पोरीला अजून तिशी लागायची होती.

धुरपदाची हनुवटी कापायला लागली. डोळ्याच्या कडेला पाणी साचलं.

“आजी, रडायचं नाही!” डॉक्टर घाईनं म्हणाले. “इतकं पुरे आज. मिटा डोळा, पट्टी बांधतो.”

त्यांनी भिंग मागं घेतलं. धुरपदानं त्यांचं मनगट पकडून ते पुन्हा डोळ्यासमोर आणलं. आलेला हुंदका तिनं गिळला. मान ताठ केली.

“न्हाई रडत,” ती म्हणाली. “बघू द्या मला.”