भरतीची गाडी

त्या पत्राला वामन गुरुजींनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र बसच्या मोठ्या कचेरीतून आलं होतं. गुरुजींनी डालड्याच्या डब्याच्या पत्र्यातून एडवणची जुनी खाजगी बस हुबेहूब केली होती. ती छोटी गाडी कचेरीला चौसष्ट सालच्या प्रदर्शनात मांडायची होती. खाली लावायची पाटीही तयार होती : ‘वेळापत्रक नसलेली जुनी गाडी’. पाटी खोटी होती. पण एवढ्या मोठ्या कचेरीला आपण काय शिकवणार? गुरुजींनी पत्र पुस्तकात ठेवून दिलं.

आज एकादशी. साडेसातची बस थांब्यावर उभी होती. आठ-दहा कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या होत्या. त्यांच्यातल्या जमनाने कंडक्टरला खाडीच्या तोंडाकडे बोट करून दाखवलं. होड्या तिथे पाणी चढायची वाट बघत होत्या. गाडी तासभर थांबवा, एवढंच तिचं म्हणणं.

“समुद्राला सांग, साडेसातला ये,” कंडक्टर म्हणाला. गाडीतले दोघे प्रवासी हसले.

जमना थांब्यावर उभ्या असलेल्या गुरुजींकडे वळली. “तुमी तरी सांगा याला. जुनी गाडी कशी सुटायची, तुमाला ठावं हाय.”

गुरुजींना ठाऊक होतं. पण ते बाजूला सरकले. बस गेली.

साडेआठला बोंबील वाळूवर आले. सफाळ्याचा बाजार चार कोस. जमनाने भरलेली टोपली डोक्यावर घेतली.

“पोचेपर्यंत यांचं पाणी व्हायचं,” ती जाता जाता म्हणाली. “तुमच्या खेळण्यातल्या गाडीत मावतात काय बघा, गुरुजी.”

घरी येऊन गुरुजींनी ती पत्र्याची गाडी फळीवरून खाली काढली. तिच्या दारावर त्यांनी सुईच्या टोकाने पंधरा तिथ्या आणि त्यांपुढे सुटायच्या वेळा लिहिल्या होत्या, मूळ गाडीवर होत्या तशाच. मग ते लिहायला बसले.

‘गाडीला वेळापत्रक होते. अष्टमीला सात, एकादशीला सव्वानऊ, अमावास्येला सव्वाबारा. भरतीला होड्या लागत, मासे चढत, मग गाडी सुटे. ती कधी चुकली नाही. पाटी बदलणार असाल तर गाडी पाठवतो. नाहीतर नाही.’

शेवटचे दोन शब्द त्यांनी खोडले. पुन्हा लिहिले. पाकीट चिकटवून पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी बस बरोबर साडेसातला सुटली. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि गुरुजींचं पत्र असलेली टपालाची पिशवी.