मंगळवारी तापणारी जीप

नगरच्या एका मिशन दवाखान्याची जीप दर मंगळवारी मिरजगावच्या पुढे सात किलोमीटरवर, बोरमाळवाडीच्या वेशीपाशी उकळत असे. इतर दिवशी, इतर रस्त्यांवर ती तापत नसे. त्याच रस्त्याने परत येतानाही नाही. १९७१ च्या जानेवारीपासून हे अकरा वेळा घडले होते.

दवाखान्याच्या सेक्रेटरींचे मत ठाम होते. दोष ड्रायव्हर शांतवनचा. मात्र पुरावा हवा म्हणून त्यांनी भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फोरमन गोरक्षनाथ डमाळे यांना बोलावले. डमाळ्यांनी बाराव्या मंगळवारी जीपबरोबर जावे आणि लेखी अहवाल द्यावा. अहवालात ड्रायव्हरची चूक निघाली, तर पहिल्या तारखेपासून त्याची नोकरी बंद. शांतवन चौपन्न वर्षांचा होता. या वयात त्याच्या हाती दुसरी गाडी कोणी दिली नसती.

सोमवारी डमाळ्यांनी इंजिन तपासले. पंख्याचा पट्टा हवा तेवढा ताणलेला होता. थर्मोस्टॅट काढून त्यांनी पातेल्यातल्या पाण्यात तापवला. तो योग्य अंशावर उघडला. रेडिएटरमधून पाणी मोकळे वाहत होते. गॅस्केट शाबूत होते.

"पाणी बघून निघतोस ना?" त्यांनी विचारले.

"व्हय साहेब. तोंडापर्यंत भरतो."

"मग उकळते का?"

"गाडी म्हातारी झाली साहेब. आपल्यावानी."

"मी उकळत नाही."

शांतवन हसला. "तिकडची लोकं म्हणत्यात, शनीचा फेरा हाय."

"शनीला मंगळवारची ड्यूटी कोणी लावली?" म्हणत डमाळ्यांनी बॉनेट बंद केले.

मंगळवारी ते स्वतः चालवायला बसले. शेजारी नर्स मरियम होत्या. शांतवन मागे, औषधांच्या पेट्यांजवळ बसला. बोरमाळवाडीच्या पलीकडच्या गावात दर मंगळवारी त्यांचा दवाखाना भरत असे. मरियमबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. वाटेत त्या एकदाच बोलल्या.

"डमाळे साहेब, ड्रायव्हरचा दोष नसला, तर अहवालात काय लिहाल?"

"जे असेल ते."

"सगळं?"

"अर्धं कारण हे कारण नसतं, सिस्टर."

मिरजगावात डमाळे आणि शांतवन हॉटेलात चहाला उतरले. मरियमबाई पेट्या नीट लावायच्या म्हणून जीपपाशीच थांबल्या. निघताना तापमानाचा काटा जागेवर होता. तिसऱ्या किलोमीटरला तो हलला. डमाळ्यांनी वेग कमी केला, गिअर बदलला, पुन्हा बदलला. काटा चढत राहिला. बोरमाळवाडीच्या वेशीपाशी बॉनेटखालून वाफ आली.

"शांतवन, तू सुटलास," इंजिन बंद करत डमाळे म्हणाले. "चालवत मी होतो."

शांतवनला आनंद झालेला दिसला नाही. तो घाईने उतरून बॉनेटकडे गेला. "हात भाजंल साहेब. मी बघतो."

"बाजूला हो."

पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये मापात कापलेला जाड पुठ्ठा उभा सरकवलेला होता. त्यामुळे वारा आत जात नव्हता. पुठ्ठ्याच्या कडा बँडेजच्या पट्टीने शिवल्या होत्या. टाके जखमेला घालतात तसे, एकेक सुटे आणि सारख्या अंतरावर होते.

"म्या घातला," शांतवन म्हणाला. "ल्हिवा माझं नाव."

"केव्हा घातलास? मिरजगावात तू माझ्यासमोर बशीत चहा ओतत होतास."

मरियमबाई रस्त्याकडे पाहत होत्या.

गावातून बायका येत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. डमाळ्यांनी मोजल्या: सतरा. रेडिएटरला पाणी लागले साडेचार लिटर, म्हणजे एका घागरीपेक्षाही कमी. उरलेल्या घागरी घेऊन बायका मरियमबाईंबरोबर जीपच्या मागे गेल्या.

पारावरून एक म्हातारा ओरडला, "पानी द्या आन् फिरा माघारी!"

"देतोय की, आबा!" राहीबाई नावाच्या बाईने तिथूनच उत्तर दिले. "गाडी गार व्हाया येळ लागतो. का तुमी येऊन फुकताय?"

बायका खिदळल्या. "त्यांच्यानं चूल पेटंना, गाडी कुठनं फुकत्याल!" दुसरी म्हणाली. म्हाताऱ्याने तोंड फिरवले.

डमाळे मागे गेले. सोळा घागरी जमिनीवर ओळीने ठेवलेल्या होत्या. एकीलाही हात लागलेला नव्हता. दोन बायका लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होत्या. डमाळे लगेच पुढे आले आणि इंजिनजवळ उभे राहिले.

"साहेब, म्या घातला असंच ल्हिवा," शांतवन हळूच म्हणाला. "त्यांचं नाव नगं. सिस्टरला काढलं, तर हितं कोन येनार?"

डमाळ्यांनी पुठ्ठा घडी करून शांतवनच्या हाती दिला.

पंधरा मिनिटांत इंजिन गार झाले. चाळीस मिनिटांनी म्हातारा काठी टेकत जीपपाशी आला.

"झाली का गार?"

डमाळ्यांनी इंजिनवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून सांगितले, "नाही अजून. तुम्ही सावलीत बसा."

त्या संध्याकाळी भिंगारला घरी त्यांनी अहवाल लिहिला. ड्रायव्हरचा दोष: नाही. यंत्राचा दोष: नाही. दुरुस्ती: गाडीत करण्याजोगी नाही. कारणाचा रकाना त्यांनी शेवटी भरला.

"बोरमाळवाडीच्या बायकांना नर्सकडून तपासून घ्यायला गावाची बंदी आहे, अडलेल्या गाडीला पाणी नेऊन द्यायला नाही."